दोन बटणांची पेटी

टॅबलेट भिंतीवर आदळल्याचा आवाज ऐकून ताई आली, तेव्हा अण्णांचा मुलगा काचा गोळा करत होता आणि अण्णा खाटेवर बसून खिडकीबाहेर बघत होते.

सत्तरी गाठलेल्या अण्णांना झटका येऊन पाच महिने झाले होते. उजवं अंग लुळं पडलं होतं, वाचा गेली होती. गाणी ऐकता यावीत म्हणून मुलानं टॅबलेट आणला; पण डाव्या हाताचं थरथरतं बोट टेकलं की पडद्यावर भलतंच काहीतरी उघडायचं.

मुलानं सांगून टाकलं, की डॉक्टरांनी आशा सोडलीय, बोलायला शिकवणारी बाईही आता येणार नाही. सोमवारी अण्णांना शुश्रूषागृहात हलवायचं. त्यांना काही समजत नाही, हे दिसतंच आहे.

"समजत नाही म्हणून फेकला?" ताई म्हणाली. "मीसुद्धा फेकला असता."

घरात सगळे तिला ताईच म्हणत. रेडिओ दुरुस्तीचं दुकान तिनं एकटीनं चालवलं होतं. मिस्त्री कुठायत, असं गिऱ्हाइकानं विचारलं की ती पेचकस उचलायची.

तिनं मेमरी कार्डावरची गाणी वाजवणारी एक छोटी सर्किटची पाटी मागवली. जुन्या रेडिओतला स्पीकर काढला. दोन्ही एका पेटीत बसवून वर दारावरच्या घंटीची दोन मोठी बटणं लावली. हिरवं दाबलं की सुरू, लाल दाबलं की बंद. बाकी काही नाही. जेवणाच्या टेबलावर तारा पसरल्या आणि दोन दिवस सगळे ताटं मांडीवर घेऊन जेवले.

मुलगा समजवायला आला. "ताई, हट्ट सोड. बॅग भरून झालीय."

"मग रिकामी कर."

शनिवारी पेटी तयार झाली. अण्णांनी हिरवं बटण दाबलं, पुन्हा दाबलं. ते हललंच नाही. मुलानं बायकोकडे बघून सुस्कारा टाकला. ताईनं पेटी उचलली, उघडली, बटणाखालची स्प्रिंग काढून मऊ स्प्रिंग घातली. चूक पेटीची होती, असं तिनं दोघांना ऐकवलं.

रविवारी दुपारी तिनं पेटी पुन्हा अण्णांच्या मांडीवर ठेवली. अण्णांचा हात बटणावर घुटमळला. मुलगा मदतीला पुढे झाला, तर ताई मध्ये उभी राहिली.

"कुणी हात लावायचा नाही."

बटण दबलं. खरखर झाली आणि गाण्याऐवजी एका लहान मुलाचा आवाज आला. तो सातचा पाढा म्हणत होता. दुकानातल्या जुन्या टेपवरून ताईनं तो उतरवून घेतला होता. पोरगा धडाधड पुढे गेला आणि अडला. "सात आठे... सात आठे..." एका तरुण बाईनं त्याला दटावलं, "आठव. मी सांगणार नाही."

टेपवर शांतता पसरली. अण्णांचे ओठ हलले. गळ्याची शीर ताठ झाली.

"छ... छप्पन्न."

अण्णांनी मान वळवून ताईकडे बघितलं.

"बरोबर ना... आई?"

एक्क्याण्णव वर्षांची ताई कंबरेवर हात ठेवून आपल्या लेकासमोर ताठ उभी राहिली.

"पुढचं म्हण."