कॅलेंडरवरचा हार

"जित्या बाईच्या फोटूला हार घालता व्हय रे? लाज वाटत न्हाई?" वैजनाथनं कॅलेंडर सुनीलच्या तोंडावर फेकलं.

दुकानात गिऱ्हाइकं होती. एकानंही मध्ये पडायचं नाव घेतलं नाही. उलट सगळे सुनीलकडंच रागानं बघत होते. सुनील आधीच संतापानं आतून उकळत होता, त्यात ही शोभा!

काष्टी गावातलं हे किराणा दुकान त्याच्या वडलांनी थाटलेलं. समोर मोठा मार्ट झाला तेव्हापासून सुनील दर वर्षी कॅलेंडर छापायचा. वर दुकानाच्या एका जुन्या गिऱ्हाइकाचा फोटो, खाली आभार. ज्याचा फोटो, तो मिरवत चार पाहुण्यांना कॅलेंडर द्यायचा, आणि मार्टकडं वळलेली माणसं परत यायची. यंदाचा मान केशरबाईंचा. फोटो त्यांनी स्वतःच बाजाराच्या दिवशी पंकजच्या छापखान्यात नेऊन दिला होता.

आणि छापून काय आलं? फोटोला झेंडूचा हार, दोन्ही बाजूंना पेटलेल्या समया! सुनील लग्नाला नेवाशाला गेलेला. इकडं दुकानातल्या पोरानं गठ्ठे सोडले आणि घरोघर वाटूनही टाकले. बाया डोळ्याला पदर लावून केशरबाईंच्या दारात. कुणी शहाण्यानं कॅलेंडरचा फोटो पुण्याला वैजनाथच्या मोबाईलवर धाडला. आईशी भांडून गेलेला, कैक वर्षं उंबऱ्याला पाय न लावलेला तिचा एकुलता एक लेक. हंबरडा फोडत आला, तर आई ओट्यावर पावट्याच्या शेंगा सोलत बसलेली.

"तुमच्या आईनं मला एक शबुद वावगा काढला न्हाई," सुनील म्हणाला. "'असू दे रं, हुतं कधी कधी,' एवढंच म्हनल्या."

"ती भोळी हाय. मी न्हाई! हे दुकान बंद पाडतो का न्हाई बघ!"

पायरीवर उभी असलेली एक बाई पिशवी सावरत समोरच्या मार्टमध्ये शिरली. तिच्या मागं दुसरी. वडलांनी जन्मभर जोडलेली माणसं डोळ्यांदेखत चालली होती, आणि तीही दुसऱ्याच्या पापापायी!

"चला!" तो ओरडला. "ज्यानं हे केलं त्याच्याकडं चला. तुमच्या आधी मीच बघतो त्याच्याकडं."

छापखान्यात शिरताच सुनीलनं पंकजची कॉलर धरली.

"मोबाईलवर नमुना दाखवलास तवा हार नव्हता. मार्टवाल्यानं फितवलं का तुला?"

"न्हाई, शेठ."

"मग डोळे फुटले हुते का तुझे? माझं दुकान बसलं तुझ्यापायी!"

पंकज खाली मान घालून उभा. वैजनाथ आणखीच भडकला. त्यानं हात उगारला.

"बोल की हरामखोरा! माझी आई गेली म्हनून कुनी सांगितलं तुला?"

पंकजनं मान वर केली आणि पहिल्यांदाच वैजनाथच्या डोळ्यांत बघितलं.

"तुमच्या आईनंच," तो म्हणाला. "दिसभर हितंच बसून हुत्या. म्हनल्या, हार घाल, समया लाव. त्याबिगर माझं पोरगं काय घरी यायचं न्हाई."