मावशींची चुकलेली गोष्ट

ऑपरेशनला आठवडा झाला, तरी तीन नंबरच्या खाटेवरची मुलगी बोलेना. डॉक्टर म्हणाले, “घसा बरा आहे, धसका गेलेला नाही.” फरशी पुसणाऱ्या मावशी तिला रोज गोष्ट सांगत आणि रोज चुकत.

“ससा धावतच राहिला, अन् कासव झाडाखाली घोरत पडलं.”

“अहो मावशी, एवढी साधी गोष्ट धड येत नाही तुम्हाला?” सिस्टर वैतागल्या.

“म्हातारीचं डोकं, बाई! तर मग कासव जागं झालं...”

“कासव नाही! ससा झोपला होता!” खाटेवरून घोगरा, रागावलेला आवाज आला.

सिस्टर बघतच राहिल्या. मावशींनी फडकं पिळलं, बादली उचलली.

“चार नंबरचा पोरगाही गप्पच असतो,” त्या हळूच म्हणाल्या. “त्याला कुठली गोष्ट पाठ आहे, तेवढं त्याच्या आईला विचारून ठेवा.”