दोन आजोळं

ओवीच्या डोहाळजेवणाला हर्षदाताई आल्या खऱ्या, पण मुद्दाम मागच्या खुर्चीत बसल्या. ‘तुम्ही हिच्या कोण?’ असं कुणी विचारलं असतं, तर त्यांना धड सांगता आलं नसतं.

ओवीच्या आईने, कल्पनाने, त्यांना हाताला धरून पुढे आणलं. “ओटी आधी तुम्ही भरायची. माझ्या पेशींना ताकद देणारे कणच आजारी होते. पहिला मुलगा मान न धरताच गेला. मग डॉक्टरांनी तुमच्या स्त्रीबीजातला गाभा काढून तिथे माझा बसवला, म्हणून ही उभी आहे. नाकडोळे आमचे, हट्ट आमचा. पण हिच्या अंगातला दम तुमचा.”

“माझ्या बाळाला दोन आजोळं!” ओवी हसली.

“आभार मीच मानायला हवेत गं,” ओटीत तांदूळ घालताना हर्षदाताई म्हणाल्या. “ते कण पुढे नेतात फक्त लेकी. मला दोन्ही मुलगेच. माझ्या आईकडून आलेलं माझ्यापाशीच संपणार होतं. तू ते नेलंस.”

मग झाकलेल्या दोन वाट्या आल्या. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. खेळच तो! तरी हर्षदाताईंनी श्वास रोखून धरला.

ओवीने वाटी उघडली. बर्फी.

बायकांनी टाळ्या पिटल्या. ओवीने बर्फीचा एक तुकडा मोडून हर्षदाताईंच्या तोंडाशी धरला.

“घ्या. हा तुमच्या आईच्या वाटणीचा.”