वाकडा बोगदा

बोगद्याच्या टोकाला खडकातून पाणी फुटलं आणि दोन-तीन दिवसांतच वरच्या ठाकरवाडीतली कोंडी डोंगर उतरून खाली आली. वाडीचा झरा आटला होता. वैशाखातही न आटणारा झरा, आणि अजून होळीसुद्धा झाली नव्हती. तिने आरडाओरडा केला नाही. एवढं सांगून ती बोगद्याच्या तोंडाशी दगडावर बसून राहिली.

योगेंद्र तिथला इंजिनियर, दहिवलीचा. आजवर त्याने रस्त्यासाठी, रेल्वेसाठी बोगदे खणले होते. पलीकडे कुठेच न निघणारा हा पहिलाच. डोंगराच्या पोटात न्यूट्रिनोची वेधशाळा व्हायची होती, आणि तिच्या प्रमुख जागृती मॅडमनी अर्धं आयुष्य त्यापायी घातलं होतं. योगेंद्रने कोंडीला समजावलं की झरा एवढा वर, आपलं काम एवढं खाली, दोन्हींचा संबंध नसावा. उद्यापासून टँकर पाठवतो. बोलताना त्याचं त्यालाच ते खरं वाटत नव्हतं.

मॅडम मागे उभ्या राहून ऐकत होत्या. त्या कोंडीबरोबर डोंगर चढू लागल्या, तेव्हा योगेंद्रलाही निघावं लागलं. दम लागला की मॅडम थांबत, पुन्हा चढत. वर पोचल्यावर झऱ्याच्या डबक्यात त्यांनी हात घातला. हाताला नुसता चिखल आला.

पायथ्याशी येऊन मॅडम म्हणाल्या, जिथे पाणी फुटलं तो भाग सिमेंट भरून कायमचा बंद करायचा. बोगदा अलीकडूनच वळवायचा.

योगेंद्रने सगळं सांगून पाहिलं. वळवायचा म्हणजे परवानग्या नव्याने, खडकाची तपासणी नव्याने, तीन-चार वर्षं सहज जाणार. शेवटी जे बोलायचं नव्हतं तेही तो बोलला.

"मॅडम, तोवर तुम्ही रिटायर व्हाल. यंत्र चालू झालेलं तुम्हाला बघायला मिळणार नाही."

"माहीत आहे," मॅडम म्हणाल्या. "ते बघायला दुसरं कुणी असेल. वाडीला दुसरा झरा कुठून आणायचा?"

मग त्या जरा बाजूला गेल्या, पाठ फिरवून चष्मा पुसत राहिल्या. परत आल्या तेव्हा त्यांचा आवाज नेहमीसारखा होता. सिमेंटचा पंप कधी येतो, असं त्यांनी विचारलं. योगेंद्रने मोठमोठे साहेब पाहिले होते. मॅडमच्या मात्र पाया पडावं असं त्याला वाटलं. पण त्यांना ते आवडलं नसतं, म्हणून त्याने खालापूरला पंपासाठी फोन लावला.

खडकातल्या भेगा बुजवायला बरेच दिवस लागले. खणलेलं भरून काढताना मजुरांचीही तोंडं उतरली होती. मॅडम रोज तिथे उभ्या असत. आणि एका सकाळी कोंडी पुन्हा खाली आली. झरा पुन्हा जिवंत झाला होता. अजून बारीक होता, पण वाहत होता. तेवढं सांगून ती गेली नाही. आपल्या डोंगरात चाललंय तरी काय, ते तिला एकदा बघायचं होतं.

मॅडमनी तिच्या डोक्यावर हेल्मेट चढवलं आणि हात धरून तिला आत नेलं. योगेंद्र बॅटरी घेऊन पुढे चालला. आत गारवा होता. बोगदा नव्याने वळायचा होता तिथे खडकावर चुन्याची खूण केली होती. तिथे कोंडी थांबली.

"हितं करायचं काय हाय, बाई?"

मॅडमनी सोपं करून सांगितलं. आभाळातून बारीक बारीक कण येतात, डोळ्यांना न दिसणारे. आपल्या अंगातून जातात, डोंगरातून आरपार जातात. कोट्यवधींत एखादाच कुठेतरी अडतो. तो इथे पकडायचा.

कोंडीने खडकावर तळवा टेकला.

"डोंगरातनं जातंय, मानसातनं जातंय, आन् कुनाला धक्का लागत नाय?"

"नाही लागत."

"मंग तुमी बी तसंच जावा," कोंडी म्हणाली, आणि खुणेपासून बाजूला सरून तिने त्यांना वाट करून दिली.