पाठ

ठरल्याप्रमाणे फुटबॉल सामन्याच्या दहाव्या मिनिटाला गोदीकडचा अख्खा स्टँड उभा राहिला आणि मैदानाकडे पाठ करून थांबला. खाली रेषेजवळ येरझारा घालणाऱ्या मॅनेजरला एकदा कळू दे, की टीम पार बुडवलीस बाबा, आता चालता हो. हेझलचे बाबा, म्हातारे विल्फ, सगळ्यांच्या आधी वळले. हेझलने त्यांचा विटलेला मफलर गळ्याशी नीट केला.

तेवढ्यात मैदानात एकच ओरडा झाला. गोल! लोक निषेध-बिषेध विसरून गर्रकन वळले आणि एकमेकांच्या गळ्यात पडले. हेझलही उड्या मारू लागली. बाबा मात्र तसेच ताठ उभे.

"बाबा, आपला गोल झाला! वळा की आता."

"कोणी मारला गं?"

"त्या नव्या पोरानं. काय हेडर होता!"

"गुणाचं पोर. आणि तो मेला मॅनेजर अजून आहे तिथं?"

"आहे ना. असा नाचतोय, जसा काही यानंच मारला."

"मग मी आहे असाच बरा."

शेजारचा डग खो खो हसला. "अहो विल्फकाका, कुणावर रुसलात? तुम्हाला काय, तोंड इकडे केलं काय नि तिकडे केलं काय, सारखंच की!"

बाबांनी हातातली पांढरी काठी पायाशी ठाम रोवली.

"मला तो दिसत नाही रे डग. त्याला मी दिसतो ना!"