काठोकाठ

"अर्धा कप," बून पुन्हा म्हणाला. "अर्धाच भर, बाई. बशीसकट मधोमध ठेव."

लोर्नाने काउंटरवर सातव्या स्टुलासमोर जाड पांढरा कप ठेवला आणि कॉफी ओतली. तिचा हात थांबला तेव्हा कॉफी काठाला टेकून वर फुगली होती. चौतीस वर्षं त्या हाताला एकच माहीत होतं. गिऱ्हाइकाचा कप निम्म्यावर आला की भरायचा, न विचारता, कितीही वेळा.

"हे काय केलंस?"

"या काउंटरवर अर्धा कप कुणाला दिलाच नाही, राजा." ती म्हणाली खरी, पण तिचा चेहरा उतरला. "थोडी काढून घेते."

"नको. आता हात लावलास तर सांडेलच. चल बाहेर."

बून उभी घरं उचलून दुसरीकडे नेणारा माणूस. आज त्याला हे डायनर उचलायचं होतं, म्हणजे रस्त्याकडेचं छोटं हॉटेल, रेल्वेच्या डब्यासारखं लांबट, चकचकीत पत्र्याचं. जागा औषधांच्या दुकानाला विकून झाली होती, आणि डबा विकत घ्यायला ओहायोचा एक जण तयार होता. पण बूनची अट होती. उचलताना डबा मधे वाकला, तर ते आधी कप सांगेल. बशीत थेंब पडला तर डब्याच्या तळाचा कणा कुजलेला. मग डबा परत खाली, आणि उद्या भंगारवाला.

बाहेर मालक आरिस टोपी हातात धरून उभा होता. "माझे बाबा सांगायचे, हा डबा कारखान्यातून तयार होऊन आला. स्टुलं, शेगडी, घड्याळ, सगळं जागच्या जागी. सकाळी उतरवला आणि दुपारी त्यांनी अंडी तळायला घेतली."

"तुझे बाबा थापा मारायचे," बून म्हणाला.

"चर्चमध्येसुद्धा मारायचे," आरिस म्हणाला. पण हसला नाही.

डब्याखाली लावलेले लोखंडी जॅक वर चढू लागले. पत्रा करकरला. आत कुठेतरी एक चमचा पडला, आणि लोर्नाने ॲप्रनमध्ये गुंडाळलेलं कॉफीचं भांडं छातीशी घट्ट धरलं. मग आवाज थांबले. डबा आणि जमीन यांच्यामधे एक उजेडाची रेघ दिसली. ती रुंद होत गेली. सत्तर वर्षं ऊन न पाहिलेली माती समोर आली, काळी, ओलसर.

आणि डब्याच्या पोटाला चाकं होती.

दोन लोखंडी चाकं, गंजलेली, पण गोल. लोर्ना खाली वाकून बघतच राहिली. इतकी वर्षं ती त्यांच्यावर चालत होती. खिडकीतून ट्रक जाताना बघून तिला वाटायचं, सगळं जग कुठे ना कुठे निघालंय, आपण तेवढ्या एका जागी.

"बाबा खरंच सांगत होते," आरिस चाकांकडे बघत पुटपुटला.

डबा डोक्याइतका वर गेला आणि थांबला. बून शिडी लावून दारातून आत शिरला. बाहेर कुणी हललं नाही. रस्त्यावरच्या गाड्याही हळू झाल्या होत्या.



मग सातव्या स्टुलामागची खिडकी उघडली. बूनने आधी बशी बाहेर काढून उलटी केली. बशीतून काही पडलं नाही. त्याने डोक्यावरची टोपी काढली, कप उचलला, आणि उभ्याउभ्या एका दमात निम्मा रिकामा केला.

"गार झालीय," तो म्हणाला.

"थांब, राजा."

लोर्नाने भांड्याभोवतीचा ॲप्रन सोडला आणि चवड्यांवर उभं राहून भांडं डोक्यावर उचललं. बून खिडकीतून कमरेपर्यंत वाकला. हवेत टांगलेल्या डायनरमधून खाली आलेला तो कप तिने न विचारता काठोकाठ भरला.