गोधडीवरचा लॅपटॉप

"आई, आता हात लावून बघ," फोनवर पराग म्हणाला. लॅपटॉप फार तापतो, असं हेमलताबाई सहज बोलून गेल्या होत्या. रॉटरडॅममध्ये बसून त्याने तासभर खटपट केली. कॉलेजात असताना हौसेने वाढवलेला प्रोसेसरचा वेग उतरवला, व्होल्टेजही कमी केलं. पंचाण्णवला टेकलेलं तापमान अडुसष्टवर आलं.

"गार आहे रे."

"आणि पंखा? मी खेळत बसलो की केवढी वैतागायचीस त्या आवाजाला! आता ऐकू तरी येतो का?"

"नाही येत," त्या म्हणाल्या. "गुणाचं पोर माझं."

फोन ठेवला आणि मिरजेतलं ते घर एकदम गप्प झालं. गेली दोन वर्षं, संध्याकाळी देवाजवळ दिवा लावला की त्या परागच्या खोलीत त्याचा गेम सुरू करून ठेवायच्या. खेळता येत नव्हतंच. पडद्यावर त्याचा तलवारवाला शिपाई नुसता उभा असायचा, पंखा घोंघावायचा, आणि बाई निवांत भाकऱ्या थापायच्या.

आज पीठ तसंच टाकून त्या दोनदा खोलीत डोकावून आल्या. शिपाई जागेवर होता.

"गोधडीवर ठेवू नकोस, हवा कोंडते," असं परागने जाताना बजावलं होतं. त्यांनी पलंगावरच्या गोधडीची चौघडी केली आणि लॅपटॉप अलगद तिच्यावर ठेवला.

पाचेक मिनिटांत पंखा कुजबुजला, मग चांगलाच घोंघावू लागला. परातीपाशी बसलेल्या हेमलताबाई तिथूनच खणखणीत ओरडल्या, "अरे, किती तो आवाज! कान किटले माझे!"